दुसरा पाय खिशात

४ फेब्रुवारी

चि. पिल्लूस,

मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा आलं. आतलं कार्ड बघितलं आणि आधी खुर्ची ओढून बसले, मग चष्मा पुसला, मग परत बघितलं. ताईचा पक्षी! तेच गोल पोट, तीच जराशी वाकडी मान, आणि एका पायावर उभा. तू त्याला निळा केलास. तुझ्या आईनं उशीच्या अभ्र्यावर विटकरी भरला होता, कारण इस्पितळात मी तिला नेऊन दिलेली दोऱ्याची गुंडी विटकरीच होती. दुसरा रंग आणते म्हटलं तर म्हणाली, "राहू दे गं, थंडीनं लाल झालाय तो." खिडकीबाहेरच्या नळावर रोज येऊन बसायचा बिचारा, एक पाय पोटात घेऊन. ताई म्हणायची, "दुसरा पाय खिशात घातलाय त्यानं." तू तेव्हा एवढीशी होतीस. पक्ष्याला खिसा कुठे असतो म्हणून मला छळ छळ छळलं होतंस.

कार्ड दुकानात आरशाच्या कोपऱ्यात खोचलंय. गिऱ्हाईक पँटची उंची कमी करायला येतं, मी म्हणते, आधी हे बघा. शेजारचा इस्त्रीवाला विचारत होता, "भाची नक्की विकते काय?"

"चित्रं."

"कागदावर?"

"नाही."

"मग कापडावर?"

"नाही रे बाबा. कॉम्प्युटरवर काढते. लोक पैसे भरतात, त्यांना फाइल जाते. मग ते घरी छापोत, मशीनवर भरोत, पोरांच्या भिंतीला लावोत."

"म्हणजे हातात काही देत नाही."

"नाही."

"वाफ विकते म्हणा की. माझीच जातभाई निघाली."

हस. मी पण हसले. पण खरं सांगू, नोकरी सोडलीस तेव्हा मला धास्ती वाटली होती. आता नाही. आईच्या पक्ष्यानं तुला दाणापाणी मिळवून दिलं, यापेक्षा ताईला काय हवं होतं? तो अभ्रा माझ्याकडे अजून आहे हं, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. तुझं स्वतःचं घर झालं की देईन.

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि अर्धं मी मनानं जोडते, म्हणून पत्रच लिही. काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे.

तुझी,
मावशी


१५ फेब्रुवारी

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. पाठीवर हात ठेव, आज जरा जास्त वेळ.

तू प्रत्येक पत्राच्या शेवटी "चुकलंमाकलं पदरात घे" लिहितेस. चुकतेस कधी गं तू? या वेळी चुकल्याचा आरोप माझ्यावर आहे.

मी ज्या साइटवर दुकान मांडलंय, तिथून मंगळवारी ईमेल आली. आपला पक्षी काढून टाकलाय. एका बाईंनी तक्रार केली की हे चित्र त्यांचं आहे, मी त्याची नक्कल करून विकते. मी त्यांचं दुकान उघडून बघितलं. मावशी, अगदी आपलाच पक्षी. तेच पोट. तीच मान. एकच पाय. त्यांचा करडा आहे आणि माझा निळा, एवढाच काय तो फरक. त्या गेली सहा वर्षं तो विकतायत, कपांवर, चादरींवर, वह्यांवर. रीतसर नोंदणी केलीय. मी दीड वर्षापूर्वी सुरुवात केली. बघणाऱ्याला कोण चोर वाटेल, तूच सांग.

आणि त्याहून विचित्र सांगते. त्यांच्या पानावर पक्ष्याखाली लिहिलंय, "दुसरा पाय खिशात." आईचं वाक्य, शब्दन् शब्द! हे त्यांना कुठून मिळालं? माझ्या पानावरून उचललं म्हणावं, तर त्यांचं पान माझ्या आधीचं.

हा एक पक्षी गेला असं नाही गं. दुकानाच्या पाटीवर तोच आहे. लोक माझ्याकडे येतात ते त्याच्यासाठी. बाकीची फुलं-पानं त्याच्या मागून जातात. अजून एक तक्रार आली तर अख्खं दुकान बंद करतील, असं साइटवाले म्हणतात. आणि धंदा जाऊ दे एक वेळ. आईच्या हातचं एवढं एकच आहे माझ्याजवळ, आणि कुणीतरी म्हणतंय की ते मी चोरलं.

माझी एकच आशा आहे, तो अभ्रा. तो त्यांच्या नोंदणीच्या कितीतरी आधीचा आहे. त्याचा उजेडात फोटो काढून घे आणि पाठव. पक्षी आईनं काढला हे तूच सांगू शकतेस, तू तिच्या खाटेशी बसायचीस. तुला नीट कळावं म्हणून तक्रारीची प्रत सोबत जोडतेय. वाच, पण घाबरू नकोस.

तुझी,
पिल्लू


२२ फेब्रुवारी

चि. पिल्लूस,

आशीर्वाद, आणि आधी डोळे पूस. सुंठीवाचून खोकला गेला!

अभ्रा काढला. घडीवर थोडा पिवळा पडलाय, पण पक्षी जसाच्या तसा. इस्त्रीवाल्यानं दारात उजेडात धरून फोटो काढला, त्याच्या मुलीकरवी तुला पाठवलाय म्हणाला. मिळाला असेल.

आता खरी गंमत ऐक. तुझं पत्र वाचताना "दुसरा पाय खिशात" पाशी आले आणि ताडकन उठले. अगं, इस्पितळात ताईच्या वॉर्डात एक नर्सबाई होत्या. उंच, घाऱ्या डोळ्यांच्या, चालल्या की बूट कुईकुई वाजायचे. ताईचा त्यांच्यावर फार जीव. ताई पक्षी भरायची तेव्हा त्या औषध द्यायला येत आणि खाटेच्या कडेला टेकत. एक दिवस म्हणाल्या, मला मुलगी झालीय, तिच्या दुपट्यावर असा पक्षी भरावा म्हणते. ताईनं लगेच उशीखालून बटरपेपर काढला, ज्यावरून तिनं पक्षी कापडावर उतरवला होता, आणि देऊन टाकला. मी तिथेच बसून संत्रं सोलत होते.

तर तक्रार करणारी बाई त्या नर्सबाईंची मुलगी! तक्रारीच्या कागदावर तेच आडनाव बघितलं आणि खात्रीच पटली. म्हणजे कुणी चोर नाही, कुणी चोरी नाही. एकाच झाडाच्या दोन फांद्या. हे ऐकल्यावर भांडण राहतंच कुठे?

मी लगेच तिला पत्र टाकलं. पत्ता तुझ्या कागदावर होताच. सगळं मनापासून लिहिलंय. माणसानं माणसाशी दोन शब्द गोड बोलावेत, निम्मे तंटे तिथेच मिटतात. आता बघ, ती स्वतः तुला फोन करते की नाही.

चुकलंमाकलं पदरात घे. (लिहिलं परत. हात वळतोच.)

मावशी


२ मार्च

ती. मावशी,

नमस्कार.

फोटो मिळाला. इस्त्रीवाल्या काकांना माझे आभार सांग. पक्षी इतका स्पष्ट आलाय की टाकेही मोजता येतील.

मावशी, तू त्यांना पत्र लिहिलंस हे वाचून मी घाबरलेय, तुझ्यावर रागावलेली नाही. सांग, नेमकं काय लिहिलंस? अगदी जसंच्या तसं. मी एका वकिलांना भेटले. ते म्हणाले, तुमची बाजू चांगली आहे, मूळ चित्र तुमच्या आईचं, अभ्रा आहे, मावशी जिवंत साक्षीदार आहे, फक्त आता समोरच्या बाजूशी कुणीही एक अक्षर बोलायचं नाही. मी मान हलवली आणि तिथेच आठवलं की तू बोलून बसलीयस.

आठवेल तेवढं लिही. गोड शब्दसुद्धा. विशेषतः गोड शब्दच.

पिल्लू


८ मार्च

चि. पिल्लूस,

आशीर्वाद.

मी काय कुणाचं घोडं मारलं म्हणून एवढी घाबरतेस? आधी पाटीवर कच्चं लिहिलं आणि मग कागदावर उतरवलं. पाटी अजून पुसलेली नाही, तीच समोर ठेवून लिहिते:

"बाईंना सप्रेम नमस्कार. उंच, घाऱ्या डोळ्यांच्या, कुईकुई बुटांच्या आपल्या मातोश्री मला अजून आठवतात. आपल्या मातोश्रींनी माझ्या बहिणीची जी सेवा केली, तिचं ऋण आम्ही आमच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटायचं नाही. माझ्या बहिणीनं त्या पक्ष्याचा कागद स्वतःच्या हातानं आपल्या मातोश्रींना दिला आणि म्हणाली, 'हा पक्षी आता तुमचाच.' तेव्हा तुमचं आणि आमचं असं वेगळं काही नाही. जे आमचं ते तुमचंच समजा. आमचं पिल्लू धंद्यात नवीन आहे. तिच्या हातून काही चुकलंमाकलं असेल तर बहिणीसारखं पदरात घ्या, ही विनंती."

यात वावगं काय आहे सांग. मी कुणाला एक वाकडा शब्द लिहिलेला नाही.

तू विचारशीलच म्हणून सांगून टाकते. ताई अगदी याच शब्दांत बोलली का, ते मला आता नक्की आठवत नाही. बहुतेक नुसतं "घ्या" म्हणाली असेल. तिला तेव्हा बोलायला धाप लागायची. पण वस्तू देताना माणूस असंच म्हणतं ना? आपण कुणाला वाटीभर साखर दिली तरी "तुमचीच आहे" म्हणतो. म्हणून काय ती साखर पिढ्यान् पिढ्या त्यांच्या नावावर होते? आणि "चुकलंमाकलं" तर मी गिऱ्हाइकाच्या बिलावरसुद्धा लिहिते.

वकिलाला हे नीट समजावून सांग. शिकलेला माणूस आहे, त्याला एवढं कळेल.

तब्येत सांभाळ. पत्रातलं तुझं अक्षर या वेळी बारीक आलंय.

मावशी


१९ मार्च

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

तुमचं पत्र मिळाल्यावर उत्तर लगेच लिहायचं होतं. जमलं नाही.

तुम्ही वर्णन केलेल्या नर्सबाई म्हणजे माझीच आई. बुटांचा आवाज मला अजून आठवतो. ती घरी परतली की जिन्यातच कळायचं. गेल्या वर्षी ती गेली. माझं दुपटं अजून आहे. त्यावर पक्षी आहे, करड्या दोऱ्याचा. लहानपणी मला ताप आला की ती त्या पक्ष्यावर बोट ठेवून म्हणायची, "दुसरा पाय खिशात. थंडी गेली की काढील."

तो तिनंच काढलाय असं मी आजवर समजत होते. तिनं तसं कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. माझ्या आईला चित्र काढता यायचं, आणि माझा हात तिच्यावर गेलाय, असं मी सगळ्यांना सांगत आले. तुमच्या पत्रानं तेवढं गेलं. तुमचा हेतू तसा नव्हता हे मला कळतं.

तुमच्या भाचीबद्दल माझ्या मनात राग नाही. पण या पक्ष्यावर माझा सगळा व्यवसाय उभा आहे, माझ्याकडे माणसं कामाला आहेत, त्यांची घरं आहेत. दोघींचा पक्षी असं ठरलं तर तो उद्या तिसऱ्याचाही होईल आणि परवा कुणाचाच राहणार नाही. तुमचं पत्र मी माझ्या वकिलांना दिलं. द्यावंसं वाटत नव्हतं. त्यांनी विचारलं, काही आलंय का, आणि मला नाही म्हणता आलं नाही.

तुमच्या बहिणीला माझ्या आईनं नीट सांभाळलं असेल अशी आशा करते.

आपली,
(सही)


२५ मार्च

चि. पिल्लूस,

सोबत तिचं पत्र पाठवतेय, बघ! "आदरणीय" म्हणाली मला. अक्षर कसं मोत्यासारखं आहे. मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले. आईविना पोर आहे गं तीही, तुझ्यासारखीच. राग नाही असं स्वतःच्या हातानं लिहिलंय, अधोरेखित कर ते.

पत्र वकिलांकडे दिलंय म्हणते. म्हणजे आता रीतसर मिटवतील. तोंडी मिटण्यापेक्षा कागदावर मिटलेलं बरं.

तुझ्याकडून पंधरा दिवसांत ओळ नाही. कामात असशील. अभ्रा उन्हात टाकून परत घडी करून ठेवलाय.

मावशी


६ एप्रिल

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. उशीर झाला, पदरात घे. (आता मी लिहिलं.)

मिटलं, मावशी. तू म्हणालीस तसंच, रीतसर, कागदावर.

झालं ते सगळं सांगते, कारण अर्धं सांगितलं तर उरलेलं तू मनानं जोडशील. त्यांच्या वकिलांनी तुझ्या पत्रातली दोन वाक्यं पिवळ्या रंगानं रंगवून साइटवाल्यांना आणि माझ्या वकिलांना पाठवली. एक "हा पक्षी आता तुमचाच", आणि दुसरं चुकलंमाकलं. पहिल्याचा त्यांनी अर्थ लावला की आईनं हक्क देऊन टाकला. दुसऱ्याचा अर्थ, की मी चूक कबूल केली. मी माझ्या वकिलांना सांगितलं, आमच्याकडे पत्राच्या शेवटी असं लिहायची पद्धत आहे. ते म्हणाले, माझी आईसुद्धा लिहायची. मग म्हणाले, पद्धत पिवळ्या रंगात दिसत नाही.

लढता येईल, असंही म्हणाले. कागद देणं आणि हक्क देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कदाचित जिंकाल. किती वर्षं लागतील, यावर त्यांनी नुसते खांदे उडवले. आणि त्यासाठी तुला उभं करावं लागलं असतं. तू तिथे म्हणायचं की मी लिहिलं ते खरं नव्हतं, माझी बहीण असं बोललीच नव्हती. आणि समोरच्यानं विचारायचं, मग तुम्ही खोटं लिहिलंत का? त्या खुर्चीत मला तुला बसवायचं नव्हतं. हे तुझ्यामुळे नाही हं. माझ्यातच त्राण नाही.

दुकान तर साइटवाल्यांनी आधीच बंद केलं होतं. पाटीवरच पक्षी होता, म्हणून फुलं-पानंही त्याच्याबरोबर गेली.

मी सही केली. तो पक्षी, किंवा त्याच्यासारखा दिसणारा कुठलाही, कुठल्याही रंगात, कुठल्याही वस्तूवर, मी काढणार नाही, विकणार नाही, दाखवणार नाही. विचारलं मी, दोन पायांवर उभा केला तर? म्हणाले, पोट आणि मान तीच राहील ना. असलेल्या सगळ्या प्रती नष्ट करायच्या, अशी एक ओळ आहे. त्याप्रमाणे मी बसून एकेक फाइल पुसली. संगणक दर वेळी विचारतो, नक्की पुसायचं? दर वेळी हो म्हणावं लागतं.

जुन्या कचेरीत परत घेतलंय मला. तीच लेबलं. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात काय काय घातलंय ते नीट ओळीत बसवायचं. पगार वेळेवर आहे, शेजारणी चांगल्या आहेत, जेवते मी.

सुट्टीच्या दिवशी नवीन काहीतरी काढावं म्हणून बसते. पण आता काहीही काढायला घेतलं की आधी शोधते, कुणी काढलंय का. पान काढायचं म्हटलं तर पान कुणीतरी काढलेलं असतं. मांजर काढलेली. चंद्र काढलेला. माझ्या हातातून निघालेली रेघ माझीच आहे की कुठे बघितलेली, कळेनासं झालंय. मग पडदा पांढराच ठेवून उठते.

तू मात्र वाईट वाटून घेऊ नकोस. कार्ड आरशातून काढून ठेव, एवढंच.

तुझी,
पिल्लू


१९ एप्रिल

चि. पिल्लूस,

आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. इस्त्रीवाला दार वाजवून गेला, त्याला म्हटलं डोकं दुखतंय.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. माझी जीभ, माझा हात, दोन्ही झडोत. साठ वर्षं मी लोकांना "तुमचंच आहे" म्हणत आले, आणि एकदा कुणी तरी ते खरं मानलं. मी तिला किती वेळा मनात शिव्या दिल्या, मग तिच्या पत्रातलं ते बोट ठेवून ताप उतरवणं आठवलं आणि शिव्याही संपल्या. कुणाला बोल लावू? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथे चोरच नाही. दोन्ही संन्यासीच.

पण आता माझ्याकडून तुझ्यावर आणखी संकट यायला नको, म्हणून मी माझ्या परीनं काम पुरं केलंय. तू लिहिलंस ना, सगळ्या प्रती नष्ट करायच्या असं सही करून दिलंयस. तू तुझ्याकडच्या पुसल्यास. मला आठवलं, एक प्रत तर माझ्या ट्रंकेत आहे. उद्या कुणी विचारलं, झडती झाली, आणि अभ्रा सापडला, तर तुझी सही खोटी ठरेल. पहिल्या वेळी मी न विचारता केलं आणि तू बुडालीस. या वेळी म्हटलं, कागदात लिहिलंय तसंच करायचं, अक्षर इकडचं तिकडे नको.

दुपारच्या उन्हात दारात बसून उसवला. ताईची गाठ फार घट्ट. उलट्या बाजूनं सुरुवात केली. मला वाटलं होतं एका हिसक्यात निघेल, पण तिनं प्रत्येक पिसाला वेगळा दोरा घेतला होता, वेळ भरपूर होता ना तिला तिथे. पोट आधी गेलं. मग मान. डोळा शेवटी काढला. पाय तर एकच टाका होता गं, लांबडा, एवढाच. मला आपलं उगाच वाटायचं की दुसऱ्या पायाची पण खूण खाली कुठेतरी असेल, पेन्सिलीची. नव्हती.

आता कापड मोकळं आहे. सुईची भोकं दिसतात, उजेडात धरलं की पक्षी भोकांचा दिसतो. इस्त्रीवाला म्हणाला, कोमट पाण्यात धुऊन वाफ दिली की सूत सरकतं आणि भोकं बुजतात, कुणाला कळायचंही नाही. या आठवड्यात देईन म्हणतोय. तोवर कुणी आलं तर दाखवणार नाही.

कार्ड पण काढलं आरशातून. तिथे चौकोनी डाग राहिलाय, पुसते आहे.

तू निर्धास्त राहा.

मावशी


२७ एप्रिल

ती. मावशी,

नमस्कार.

बरं केलंस. काळजी मिटली.

एकच मागते. तो अभ्रा धुऊ नकोस. इस्त्री तर मुळीच नको. तसाच घडी करून मला पाठव. मला उशीला हवाय.

पिल्लू


५ मे

चि. पिल्लूस,

आशीर्वाद.

तुझं चिठोरं आलं तेव्हा अभ्रा इस्त्री होऊन, घडी होऊन माझ्या मांडीवर होता. इस्त्रीवाल्यानं फार निगुतीनं केलं, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "बघा, कोरा करकरीत. वाफेनं सगळं नेलं." मी उन्हाकडे धरून बघितला, उलटा करून बघितला. कुठेही काही नाही. सोबत पाठवतेय.

आयुष्यभर मी कपड्याची उलटी बाजू बघत आलेय. सरळ बाजूवर काय, कुणीही सफाई दाखवतं. तुझ्या पत्रात चारच ओळी आहेत, आणि "बरं केलंस" लिहिताना पेन दोनदा थांबलंय, तिथे शाईचे ठिपके आहेत. उसवायची गरज नव्हती ना गं? त्या कागदाला माझ्या ट्रंकेशी काही देणंघेणं नव्हतं, हो ना?

सांगू नकोस. हो म्हणालीस तरी मला ते सोसायचं नाही, आणि नाही म्हणालीस तर मला ते खरं वाटायचं नाही.

उसवलेला दोरा मी टाकला नव्हता. काडेपेटीत भरून ठेवलाय, तोही या पाकिटात घातलाय. टाक्यात इतकी वर्षं राहून तो असा कुरळा झालाय की परत सुईत ओवता यायचा नाही, मी बघितलं प्रयत्न करून. नुसता विटकरी गुंता आहे. त्याला पोट नाही, मान नाही, पाय तर नाहीच. तेवढा तुझ्याजवळ असायला कुणाची हरकत नसावी. तरी वकिलाला विचारू नकोस.

पाकीट पोचलं की नुसतं पोचलं म्हणून कळव. बाकी काही लिहू नकोस.

मावशी